पेनड्राइव्हवरील नकाशा-प्रयोगशाळा : सीमाभागातील महाविद्यालयांसाठी ओएसजिओ लाइव्ह प्रणालीची उपयुक्तता

प्रस्तावना

कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यात करजगी नावाचे गाव आहे. याच नावाचे गाव महाराष्ट्रातील सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातही आहे, आणखी एक सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात आहे, तर जुन्या धारवाड जिल्ह्यात एकेकाळी करजगी नावाचा तालुकाच होता. त्यामुळे ‘करजगी’ एवढ्याच नावाने माहिती शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती नेमके कोणते गाव येईल हे सांगता येत नाही. गावाची खरी ओळख पटते ती अक्षांश-रेखांश आणि जनगणनेतील गावसंकेतांक यांवरून. नावाऐवजी स्थानावरून विचार करण्याची ही सवय लावणे हेच भौगोलिक माहिती प्रणाली या विषयाचे पहिले काम आहे.

कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांच्या भूगोल आणि संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत हा विषय आला, पण त्याचे प्रात्यक्षिक बहुधा पुस्तकातील चित्रांवरच भागवले जाते. परवान्याचे सॉफ्टवेअर महाग असते, प्रयोगशाळेतील संगणकांवर नवीन काही बसवण्याची परवानगी नसते, इंटरनेटचा वेग कमी असतो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. यांपैकी पहिल्या तीन अडचणींवर ‘ओएसजिओ लाइव्ह’ ही तयार प्रणाली चांगला मार्ग काढते. चौथी अडचण मात्र तिच्या एका विशिष्ट वापरपद्धतीत अधिकच गंभीर बनते. म्हणून ही प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवावी की आभासी संगणकावरून, हा निर्णय शिक्षकाने समजून-उमजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही पद्धतींचे स्वरूप, पूर्वतयारी, सीमाभागातील माहितीच्या विशेष अडचणी आणि वर्गात घेता येण्याजोगे दोन प्रयोग यांचे विवेचन केले आहे.

प्रणालीचे स्वरूप

‘लाइव्ह’ प्रणाली म्हणजे संगणकाच्या हार्डडिस्कवर काहीही न बसवता, बाहेरच्या माध्यमावरून थेट सुरू होणारी संपूर्ण संगणक प्रणाली. इसवी सन २००० मध्ये जर्मनीत क्लाउस नॉपर यांनी तयार केलेल्या ‘नॉपिक्स’ या लिनक्स सीडीमुळे ही कल्पना लोकप्रिय झाली. भौगोलिक सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हेच काम ओएसजिओ लाइव्हने केले. मुक्त स्रोत भौगोलिक सॉफ्टवेअरला पाठबळ देणारी ओएसजिओ ही संस्था २००६ मध्ये स्थापन झाली. सिडनी येथे २००९ साली भरलेल्या मुक्त स्रोत भौगोलिक सॉफ्टवेअरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी अशा संग्रहाची डीव्हीडी तयार करण्यात आली. पुढे स्वयंसेवकांनी तिच्या आवृत्त्या सातत्याने काढल्या. डीव्हीडीची जागा आता पेनड्राइव्ह आणि आभासी संगणकाने घेतली आहे.

हा संग्रह लुबुंटू या हलक्या लिनक्स प्रणालीवर आधारलेला आहे. नकाशे तयार करण्यासाठी क्यूजीआयएस, पृष्ठभागाच्या विश्लेषणासाठी ग्रास, भौगोलिक माहिती साठवण्यासाठी पोस्टजीआयएस, नकाशे जाळ्यावर मांडण्यासाठी जिओसर्व्हर व मॅपसर्व्हर अशी अनेक साधने त्यात आधीच बसवलेली असतात. यांतील प्रत्येकाचा इतिहास स्वतंत्र आहे. ग्रासचा विकास १९८२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत सुरू झाला. पोस्टजीआयएस २००१ मध्ये कॅनडातील एका कंपनीने प्रसिद्ध केले. क्यूजीआयएसची सुरुवात २००२ मध्ये अलास्कातील गॅरी शेरमन यांनी केली. ही सर्व साधने एकेक करून बसवणे आणि एकमेकांशी जुळवणे हे नवख्या शिक्षकाला आठवडाभराचे काम होते. संग्रहात ती जुळवलेली मिळतात, सरावासाठी नमुना माहिती मिळते आणि प्रत्येक साधनासाठी पहिल्या तासाचा धडा ठरेल अशी छोटी मार्गदर्शिकाही मिळते. परवाना शुल्क नाही. प्रती काढून विद्यार्थ्यांना वाटण्यास पूर्ण मुभा आहे.

पेनड्राइव्ह आणि आभासी संगणक : मूलभूत फरक

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की त्यावरची विंडोज प्रणाली बाजूला राहते आणि संगणकाची सर्व स्मृती ओएसजिओ लाइव्हच्या उपयोगात येते. त्यामुळे कमी स्मृतीच्या जुन्या संगणकावरही काम बऱ्यापैकी चालते. परंतु साध्या पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर केलेले काम तात्पुरत्या स्मृतीतच राहते. संगणक बंद झाला की विद्यार्थ्याने काढलेला नकाशा, बदललेली मांडणी, नव्याने बसवलेला फाँट हे सर्व पुसले जाते. वीज गेली तर तेच होते. पुढच्या वेळी प्रणाली पुन्हा कोरी सुरू होते.

आभासी संगणक म्हणजे चालू संगणकाच्या आत, एका खिडकीत चालणारा दुसरा संगणक. तो चालवण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्ससारखे विनामूल्य सॉफ्टवेअर लागते. ओएसजिओ लाइव्हची आभासी हार्डडिस्क ही एकच मोठी फाइल असते आणि जतन केलेले सर्व काम त्या फाइलमध्ये उतरते. आभासी संगणक बंद करून दुसऱ्या दिवशी सुरू केला तरी काम जिथल्या तिथे सापडते. ‘स्नॅपशॉट’ या सोयीने एखाद्या क्षणाची स्थिती राखून ठेवता येते आणि विद्यार्थ्याने काही बिघडवले तर त्या स्थितीकडे परतता येते. याची किंमत स्मृतीच्या रूपाने मोजावी लागते, कारण एकाच संगणकाची स्मृती दोन प्रणालींत वाटली जाते.

यावरून शिक्षकासाठी सोपा निकष निघतो. एका तासात संपणारे प्रात्यक्षिक, ओळखवर्ग, किंवा चार गिगाबाइटपेक्षा कमी स्मृतीचे संगणक असतील तर पेनड्राइव्ह योग्य. सत्रभर चालणारा प्रकल्प असेल तर आभासी संगणक योग्य. पेनड्राइव्हवरच प्रकल्प करावा लागत असेल, तर पेनड्राइव्ह तयार करतानाच त्यावर टिकाऊ साठ्याची जागा राखावी किंवा काम जतन करण्यासाठी दुसरा पेनड्राइव्ह जोडावा आणि दर पंधरा मिनिटांनी त्यावर जतन करण्याचा नियम पाळावा. विद्यार्थ्याचे काम एकदा पुसले गेले की त्याचा उत्साहही जातो. तो परत आणणे सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करण्याइतके सोपे नसते.

पूर्वतयारी

संग्रहाची फाइल काही गिगाबाइटची असल्याने ती प्रत्येक संगणकावर वेगळी उतरवू नये. एकदाच उतरवून घ्यावी, सोबत दिलेल्या पडताळणी संकेतांकाशी ती ताडून पाहावी आणि मग प्रती काढाव्यात. अर्धवट उतरलेली फाइल पुढे अनाकलनीय अडचणी निर्माण करते. एफएटी ३२ पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर चार गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. म्हणून फाइलची नेआण करण्यासाठी पेनड्राइव्ह एक्सएफएटी किंवा एनटीएफएस पद्धतीने तयार करून घ्यावा.

बूट होणारा पेनड्राइव्ह तयार करण्यासाठी फाइल त्यावर नुसती उतरवून चालत नाही. ती रूफस किंवा एचर यांसारख्या साधनाने लिहावी लागते. यासाठी १६ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह सोयीचा. लिहिताना त्यावरील पूर्वीचा सर्व मजकूर पुसला जातो. संगणक सुरू करताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप यांपैकी योग्य कळ दाबून बूटचा क्रम बदलावा लागतो. ही कळ संगणकाच्या बनावटीनुसार वेगळी असते. सुरू होताना दिसणाऱ्या यादीत प्रणाली न बसवता वापरून पाहण्याचाच पर्याय निवडावा. चुकून कायमस्वरूपी बसवण्याचा पर्याय निवडला तर हार्डडिस्कवरील माहिती जाऊ शकते. लाइव्ह प्रणालीला संगणकाची मूळ हार्डडिस्कही दिसते, त्यामुळे तिला हात न लावण्याची सूचना विद्यार्थ्यांना आधीच द्यावी.

आभासी संगणकासाठी बायोसमध्ये प्रोसेसरची आभासीकरण सोय चालू असावी लागते. अनेक संगणकांत ती कारखान्यातूनच बंद असते आणि मग चौसष्ट बिटी प्रणाली सुरूच होत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर सदोष आहे असा समज होतो, प्रत्यक्षात दोष एका बंद बटणाचा असतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन संगणक तयार करताना लिनक्स, उबुंटू चौसष्ट बिटी असा प्रकार निवडावा, मूळ संगणकाच्या निम्म्यापर्यंत स्मृती द्यावी आणि नवी डिस्क न बनवता संग्रहासोबत आलेली तयार आभासी डिस्क जोडावी. प्रणालीत वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द दोन्ही ‘यूजर’ हेच असतात. अलीकडच्या आवृत्त्या बत्तीस बिटी संगणकांवर चालत नाहीत, हे जुन्या प्रयोगशाळांनी आधी तपासून घ्यावे.

सीमाभागातील माहितीच्या अडचणी

प्रणाली सुरू झाली म्हणजे नकाशा झाला असे नाही. संग्रहातील नमुना माहिती परदेशातील असते. विद्यार्थ्याला रस असतो तो आपल्या गावात, आणि सीमाभागातील गावाच्या बाबतीत चार गोष्टी विशेष अडचणीच्या ठरतात.

पहिली अडचण राज्यसीमेची. महाराष्ट्राची भौगोलिक माहिती नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सांभाळते, तर कर्नाटकाची माहिती त्या राज्याचे स्वतंत्र सुदूर संवेदन केंद्र सांभाळते. दोघांचेही नकाशे आपापल्या सीमेपाशी थांबतात. अफजलपूरच्या विद्यार्थ्याचा बाजार, नातेवाईक आणि नदीचे पाणी मात्र सीमेपाशी थांबत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत अक्कलकोट, अफजलपूर, आळंद आणि कलबुर्गी ही चारही ठिकाणे ५६ सी या एकाच अंशपत्रात येतात. सोलापूर शहर ७६ अंश रेखावृत्ताच्या पश्चिमेस असल्याने ४७ ओ मध्ये जाते, तर बीदर ५६ जी मध्ये. दोन्ही राज्यांचे स्तर क्यूजीआयएसमध्ये एकत्र ठेवून हा तुटलेला परिसर पुन्हा जोडणे हाच विद्यार्थ्यांचा पहिला उपयुक्त प्रकल्प ठरू शकतो. अंतर व क्षेत्रफळ मोजण्यासाठी या परिसराला यूटीएम पद्धतीचा उत्तर ४३ हा विभाग लागू पडतो. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा संकेतांक ३२६४३ आहे.

दुसरी अडचण डेटमची, म्हणजे पृथ्वीच्या आकाराचे कोणते मोजमाप गृहीत धरले आहे याची. जुने स्थलनिर्देशक नकाशे एव्हरेस्ट यांच्या १८३० सालच्या मोजमापावर आधारलेले आहेत, तर मोबाइलमधील जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या मोजमापावर चालते. सॉफ्टवेअरला हा फरक सांगितला नाही तर या भागात नकाशा शंभर मीटरपेक्षा जास्त सरकतो आणि विहीर शेजाऱ्याच्या शेतात दिसू लागते. या विषयाचे बीदरशी जुने नाते आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील एक आधाररेषा विल्यम लॅम्बटन यांच्या पथकाने १८१५ मध्ये बीदरजवळ मोजली होती. एव्हरेस्ट यांच्या कारकिर्दीत, १८४१ मध्ये, ती अधिक अचूक उपकरणांनी पुन्हा मोजण्यात आली. नकाशा किती सरकला हे तपासण्यासाठी शतकानुशतके जागा न सोडलेली वास्तू उपयोगी पडते. बीदर येथील १४७२ सालचा महमूद गवान मदरसा उपग्रह प्रतिमेत स्पष्ट ओळखू येतो. त्याचे स्थान जुन्या नकाशावर आणि प्रतिमेवर ताडून पाहिल्यास हा धडा पाठ करावा लागत नाही.

तिसरी अडचण नावांची आणि बदलत्या हद्दींची. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचे नाव गुलबर्गा आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून ते कलबुर्गी झाले आणि त्याच दिवशी विजापूरचे विजयपूर झाले. नावावरून दोन तक्ते जोडले तर ते जुळतच नाहीत. शिवाय २००९-१० मध्ये यादगीर हा वेगळा जिल्हा झाल्यामुळे २००१ आणि २०११ च्या गुलबर्गा जिल्ह्याच्या लोकसंख्येची सरळ तुलना केल्यास लोकसंख्या एकदम घटल्याचा भास होतो. म्हणून तक्ते नेहमी संकेतांकावरून जोडावेत आणि हद्द कोणत्या सालची आहे हे नकाशावर लिहावे.

चौथी अडचण लिपीची. या परिसरात कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा कानावर पडतात. क्यूजीआयएसमध्ये तिन्ही लिप्यांत नावे लिहिता येतात, मात्र तक्ता यूटीएफ ८ पद्धतीने जतन केलेला असावा. अक्षरांच्या जागी चौकोन दिसू लागले तर योग्य फाँट बसवावा. आभासी संगणकावर तो एकदाच बसवावा लागतो, तर साध्या पेनड्राइव्हवर प्रत्येक वेळी नव्याने. तीन लिप्यांत नावे असलेला तालुक्याचा नकाशा विद्यार्थ्यांनी तयार केला, तर तो गावाच्या शाळेच्या भिंतीवर शोभेल.

वर्गात घेता येण्याजोगे दोन प्रयोग

पहिला प्रयोग नकाशा प्रक्षेपणाचा. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना दिशा, अंतर किंवा क्षेत्रफळ यांत बदल होतो, हे सूत्र विद्यार्थ्यांना ठाऊक असते, पण पटलेले नसते. कलबुर्गी शहर आणि मक्का असे दोन बिंदू नकाशावर मांडावेत. संगणकावर नेहमी दिसणाऱ्या मर्केटर प्रक्षेपणावर दोहोंना जोडणारी सरळ रेषा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे २७७ अंशांचा कोन दाखवते. आता प्रक्षेपण बदलून कलबुर्गी केंद्रस्थानी असलेले समदूरस्थ दिगंशीय प्रक्षेपण निवडावे. तेच दोन बिंदू जोडणारी सरळ रेषा आता सुमारे २८३ अंश दाखवते आणि अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर येते. गोलावरील सर्वांत जवळच्या मार्गाची दिशा ही दुसरी होय. बिंदू तेच, रेषाही सरळ, तरीही सहा अंशांचा फरक. मशिदीच्या किब्ल्याविषयी निर्णय देणे हा या प्रयोगाचा हेतू नाही. तो अधिकार जाणत्या उलेमांचा आहे. मात्र हा प्रश्न गणिताने सोडवण्याची परंपरा जुनी आहे, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. अल्-बिरूनी यांनी सुमारे १०२५ मध्ये ‘तहदीद’ या ग्रंथात गझनीचे अक्षांश-रेखांश ठरवून तेथील किब्ल्याची दिशा काढली होती. ज्या गणितासाठी त्यांना दीर्घकाळ निरीक्षणे करावी लागली, ते आज पेनड्राइव्हवरील प्रणालीत एका तासात करून पाहता येते. तरीही त्यामागचा प्रश्न समजून घेण्याचे कष्ट विद्यार्थ्यालाच करावे लागतात.

दुसरा प्रयोग भीमेच्या पुराचा. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला मोठा पूर आला आणि सोलापूर व कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांतील नदीकाठची गावे संकटात सापडली. वरच्या बाजूस महाराष्ट्रातील उजनी धरण आणि खाली अफजलपूर तालुक्यातील सोन्न बंधारा असल्यामुळे या पुराचा अभ्यास एका राज्याच्या नकाशावर पूर्ण होत नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमा विनामूल्य मिळतात. रडार ढगांतून आरपार पाहते आणि शांत पाण्याचा पृष्ठभाग त्यात काळा दिसतो. पुरापूर्वीची व पुराच्या काळातील अशा दोन प्रतिमा शिक्षकाने आधीच उतरवून ठेवाव्यात. विद्यार्थ्यांनी त्यांतील फरक काढून पाण्याखालचा भाग वेगळा करावा आणि त्यावर गावांच्या हद्दी ठेवाव्यात. ऑक्टोबरमध्ये शेतात तूर उभी असते. दाट पिकाखाली साचलेले पाणी रडारला नीट दिसत नाही. शिवाय उपग्रह त्याच मार्गाने पुन्हा येण्यास साधारण बारा दिवस लागतात, त्यामुळे पुराचा कळस निसटू शकतो. म्हणून नकाशा झाल्यावर विद्यार्थ्यांनी गावातील वडीलधाऱ्यांना पाणी कुठवर आले होते हे विचारून तो दुरुस्त करावा. उपग्रहाची नजर आणि गावाची आठवण यांचा मेळ घालण्याचे शिक्षण येथे मिळते.

मर्यादा व दक्षता

मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असते. त्यामुळे विद्यार्थ्यांनी काढलेला शेताचा, दफनभूमीचा किंवा वक्फ जमिनीचा नकाशा माहितीसाठी उपयुक्त असला तरी हद्दीच्या वादात पुरावा ठरत नाही. कर्नाटकात पहाणी, महाराष्ट्रात सातबारा आणि भूमापन खात्याची मोजणी यांनाच कायदेशीर महत्त्व आहे. हे पहिल्याच तासाला सांगितले नाही, तर चांगल्या हेतूने काढलेला नकाशा गावात भांडण लावू शकतो. केंद्र शासनाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे नकाशे तयार करण्यावरील पूर्वपरवानगीची बंधने बरीच सैल झाली. तरी संवेदनशील स्थळांविषयीचे नियम लागू आहेत, याचे भान ठेवावे.

आरंभी ग्रास किंवा पोस्टजीआयएसच्या मागे न लागता फक्त क्यूजीआयएसवर लक्ष द्यावे. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात क्यूजीआयएसची पाठमाला आहे. शिक्षकाने ती आधी स्वतः पूर्ण केल्यास वर्गात अडखळण्याची वेळ येत नाही.

निष्कर्ष

नकाशाशास्त्राची साधने आता एका पेनड्राइव्हच्या किमतीत महाविद्यालयाच्या दारात आली आहेत. पैशाचा आणि परवान्याचा अडसर दूर झाला आहे. त्यामुळे पुढचे काम पूर्णपणे शिक्षकाकडे येते. तासाभराच्या ओळखीसाठी पेनड्राइव्ह आणि सत्रभराच्या प्रकल्पासाठी आभासी संगणक ही विभागणी पाळली, परिसराची माहिती आधी गोळा करून ठेवली आणि काम जतन करण्याची शिस्त लावली, तर जुन्या संगणकांच्या प्रयोगशाळेतही हा विषय खऱ्या अर्थाने शिकवता येतो. सीमाभागातील विद्यार्थ्यांना याची गरज अधिक आहे, कारण दोन्ही राज्यांच्या नकाशांत त्यांचे गाव कडेला पडते. आपल्या करजगीला मध्यभागी ठेवून चारी दिशांचा नकाशा त्यांना स्वतःच्या हाताने काढता यावा, एवढी सोय या साधनाने निश्चितच झाली आहे.